सुनंदा साडीत पळाली

रविवार, संध्याकाळी सात

अजून एका जागी बसवत नाहीये. आज विद्यापीठाने जुन्या मानाच्या खेळाडूंच्या यादीत सुनंदाचं नाव घेतलं. समारंभात जेवणाआधी पडद्यावर तिचा फोटो दाखवला. दोन वेण्या, अनवाणी, सगळ्यांच्या पुढे. ही माझी बायको? लग्नाला बावीस वर्षं झाली आणि मला एवढंच ठाऊक, की कॉलेजात थोडंफार पळायची.

जेवताना तिचे म्हातारे कोच शेजारी बसले. "जावईबापू, हिला पळताना पाहिलंत ना?"

"नाही सर."

ते हसले नाहीत. माझा गुलाबजाम तसाच राहिला. तिने सांगितलं नाही, की मीच कधी विचारलं नाही? मीच.

परत येताना अंबरनाथला मैदानापाशी रिक्षा थांबवली. म्हटलं, "सुनंदा, एकदा पळून दाखव."

"साडीत? अहो, वेड लागलंय का?"

पण चपला माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि सुटली! क्रिकेटवाले खेळ थांबवून बघत राहिले. फोटोतलीच ती, फक्त वेण्या नाहीत. मी चपला हलवत ओरडत होतो.

धापा टाकत आली आणि म्हणाली, "उद्यापासून रोज सकाळी सहाला. तुम्हीपण."

गजर लावलाय. दोन्ही फोनवर.