आईची कुंडी फेकू नकोस

चि. धाकटीस,
आशीर्वाद. रागात असलीस तरी घे.

मी ठणठणीत आहे. काल खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबरोबर इथली वनस्पतिबाग पाहिली. काचघरात दाराशीच, अगदी मोक्याच्या जागी, एक कुंडी होती आणि तिच्यात नुसती माती! तिकीट काढून माती बघायची? मी माळ्याला चांगलंच फैलावर घेतलं.

तो शांतपणे म्हणाला, "बाई, कंद झोपलाय. बोट घालून बघा."

"मेला असेल."

"मेलेला मऊ लागतो. बघा तर खरं."

"घाल गं, चावत नाही तो," मैत्रीण म्हणाली.

मी बोट घातलं. आत कांद्यासारखं घट्ट काहीतरी लागलं. मग तासभर मी माळ्याला सोडलंच नाही. किती महिने झोपतो? पाणी कधी द्यायचं? जागा झाल्याचं कळतं कसं? मैत्रीण बाकावर पेंगायला लागली.

आईची कुंडी तू पाणी घालघालून मारलीस, आता फेकून दे, असं मी फोनवर म्हणाले. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. फेकली नाहीस ना? तिच्यातही असाच कंद आहे. बोट घालून बघ. पाणी मात्र एक थेंब नको.

कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, चूक कबूल करताना ताठ उभं राहावं. मी बसून लिहिते आहे, कारण गुडघा सुजलाय. तू काळजी करू नकोस.

घट्ट लागलं तर कळव. मऊ लागलं तरी कळव.

तुझी तोंडाळ,
ताई