नळीच्या तोंडाचा दोष

१४ ऑक्टोबर १९६४, खंडेनवमी. नळदुर्ग.
कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप नाही. क्लब चालवणाऱ्या शरणप्पाकाकांनी अप्पांना शब्द दिलाय. दिवाळीनंतरच्या मॅचमध्ये पोरगं पहिलं आलं, तर रायफल क्लबात शिकवायची नोकरी त्याला. मग आमच्या शिवकांताच्या लग्नाचं बोलू, म्हणाले. म्हणजे ठरलंच.
शस्त्रपूजेला काका सहकुटुंब आले. लोक नारळ दगडावर फोडतात. मी अप्पांची रायफल उभी धरून तिच्या तोंडावर फोडला. शिवकांता बघत होती. रायफल निसटली, शहाबादी फरशीवर तोंडावर आपटली. तिला जरासं खरचटलं. नारळ मात्र फुटला.

१८ ऑक्टोबर
प्रॅक्टिस. सगळ्या गोळ्या डावीकडं. वारा होता. रसूल म्हणाला, कुठला वारा? त्याची कॉलर धरली. स्वतःची बंदूक नाही, माझी मागून नेम शिकतो, आणि वर मलाच!

२१ ऑक्टोबर
दोष सापडला! क्लबच्या इंग्रजी पुस्तकात आहे. नळीच्या तोंडाची कड सगळीकडून सारखी हवी. एका बाजूनं चेपली, की गोळी सुटताना मागचा गॅस तिथून आधी निसटतो अन् गोळीला ढकलतो. नख फिरवून पाहिलं, अडकतं. माझा नेम निर्दोष.
अप्पा म्हणाले, हात लावू नको, सोलापूरच्या कारागिराकडं नेतो. एवढ्याशा कामाला सोलापूर?

२२ ऑक्टोबर, दुपार
कानस घेतली. चेपलेली बाजू घासली. मग दुसरी उंच वाटली. ती घासली. मग पुन्हा पहिली. शिवकांताचं नाव घेत हात चालवला.

२५ ऑक्टोबर
आता गोळ्या डावीकडं जात नाहीत. कुठंही जातात. अप्पा लई बोलले, सुरुवात कॉलेजपासून. रायफल घेऊन सोलापूरच्या यष्टीत बसले.
जेवण नको वाटतं. झोप नाही.

५ नोव्हेंबर
रायफल आली! तोंडाकडची नखभर नळी कापून कड नवी केलीय, आरशासारखी. आता मला कोण अडवतो? खांद्यावर टाकून मुद्दाम काकांच्या घरावरून गेलो. शिवकांतानं खिडकी लावून घेतली. लाजली.

८ नोव्हेंबर, रविवार
मॅच. रसूलनं नेहमीप्रमाणं माझीच रायफल मागितली. दिली. मन मोठं आहे.
त्याच्या पाचही गोळ्या चवलीच्या एका नाण्याखाली झाकाव्यात अशा. मग मी. दोन गोळ्या निशाणाच्या कार्डाच्या कडेला. बाकीच्या शोधूनही सापडल्या नाहीत.
नोकरी रसूलला. शिवकांता आईबरोबर मधूनच उठून गेली. काकांनी बाजूला घेतलं. रागावले असते तर बरं होतं. हळूच विचारलं, की बाळा, बंदूक तर एकच होती न्हवं?
व्हय म्हणालो.