पहिले कापी, मंग काम

दम नाही म्हणे माझ्यात. बाबा, शाळा सोडली तेव्हा बोलले तुम्ही, अन् ते बोलणं घेऊन मी हैदराबादले आलो. पाच कामं सोडली, सहावं धरलं, ते काही सुटलं नाही. पण मागच्या महिन्यात कटंगीले आलतो तर तुमच्याच दुकानात, तुमच्याच कंप्युटरपुढं अख्खा दिवस बसलो. नऊ वर्षं झाली तुमाले जाऊन, आता हे तुमाले कोण सांगणार? म्हणून लिहून राह्यलो.

टायपिंगचं, फॉर्मचं ते दुकान आता तुमची लहानी चालवते. जुन्या विंडोजवर फॉर्मची साईटच उघडत नव्हती, गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जायचे. आई म्हणे, "भंगारात दे तो डब्बा अन् कुलूप लाव." लहानीनं मले फोन केला, "दादा, तूच पाह्य, नाही तं मी बसते घरी." मी नवी मेमरी घेऊन आलो, पेनड्राइव्हमध्ये नवं विंडोज. डब्बा खोलला, जुन्या पट्टीच्या बाजूले नवी बसवली, चालू केला तं नुसती शिटी. हात उठलाच होता माझा डब्ब्यावर. तेवढ्यात टेबलाच्या पायाले सुतळीनं बांधलेला तुमचा खोडरबर दिसला. तुम्ही त्यानं मेमरीचे सोनेरी दात घासत बसायचे अन् लहानी ओरडायची, "आई वं, बाबा कंप्युटरले मंजन करून राह्यले!" मीही घासले. शिटी थांबली.

मंग नवं विंडोज टाकायच्या आधी तुमचं सगळं बाजूले काढलं. लोकाइचे अर्ज, फोटो, लग्नपत्रिका, विहारातल्या कार्यक्रमाचे कागद. पहिले कापी, मंग काम, हे तुमचंच. तीन तास गेले. लहानी दोनदा डोकावली. "दादा, अजून बसलाच आहे? बुखार तं नाही ना तुले?"

संध्याकाळी एका म्हातारीचा पेन्शनचा फॉर्म निघाला. लहानीनं कागद दिव्यापुढं धरून पाह्यला, हसली. मंग टेबलाखालच्या यूपीएसले पायानं ढकललं. "आता याची बॅटरी तेवढी मेली आहे. बाबांनी तुझ्यासाठीच आणलता ना हा?"

हौ. माझ्यासाठीच. पंधरा वर्षांचा होतो, कापी न करता नवं विंडोज टाकलं अन् अर्ध्या गावाचे फॉर्म उडवले. तुम्ही विचारलं, काहून उडालं? मी म्हटलं, टाकता टाकता लाईट गेली. तुम्ही सायकल काढली, घरोघरी हात जोडले, सगळ्याइचे फोटो पुन्हा काढले. महिन्याभरानं तुमसरच्या बसमधून उतरले ते हा यूपीएस पोटाशी धरून. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली होती, ती तशीच राह्यली. आईले म्हणाले, "लाईटचा भरोसा नाही, पोराची मेहनत वाया जाते."

लाईट गेली नव्हती बाबा. मले गेम खेळायचा होता, कापी करायचा कंटाळा आला. लहानीले हे सांगता आलं नाही, अन् हा कागदही तिच्या हाती पडू देणार नाही. तिले फक्त बॅटरीचे पैसे धाडून राह्यलो. बाराशे रुपये.