फडक्याखालचा डबा

तीर्थरूप बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा काय म्हणतो? कारखाना बंद पडला, पण काळजी नको, सरकारचा बेकारभत्ता मिळतो.

पहिल्या दिवशी भत्त्याच्या कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी मोठ्यानं माझं नाव पुकारलं आणि मी चक्क म्हणालो, "ते आजारी आहेत, मी त्यांचा भाऊ." बाई हळूच म्हणाल्या, "भावाला सांगा, त्यांच्या पगारातून इतकी वर्षं कापलं ते अशाच दिवसांसाठी." मला मान वर करवेना. घरी येऊन आरशासमोर भावाला निरोप दिला.

तुमचा डबा आठवला. सरकारी भत्ता नव्हता तेव्हा पगाराच्या दिवशी तुम्ही वीटभट्टीवरच्या कामगारांत फडक्यानं झाकलेला डबा फिरवायचात. प्रत्येकानं मिटलेली मूठ आत घालायची, मिटलेलीच बाहेर काढायची. कोणी टाकलं, कोणी उचललं, कुणाला कळायचं नाही. पुढं सरकारनं तोच डबा सगळ्यांसाठी ठेवला, फडकं तेवढं घालायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे घेतले. आपल्या घरात कुणी हात पसरला नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. म्हणून विचारतो, रागावू नका. आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तुमची मूठ कधी भरून बाहेर आली होती का?

आली असेल तर कळवा. आईला वाचून दाखवताना एवढं गाळा.

तुमचा धाकटा