कोपऱ्यापर्यंतची टूर

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
ठरलं! अठ्ठावीस तारखेला पहाटे निघायचं. नऊ दिवस, चौदाशे किलोमीटर, समुद्रापर्यंत आणि परत. पुढे मी, मागे ही. गाडी सेकंडहॅण्ड असली तरी अस्सल टूरिंग मोटारसायकल आहे; साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, वय वर्षं बावीस. घेतल्याला सहा वर्षं झाली. आजवर पाच टूर ठरल्या. पाचही रद्द झाल्या, पण त्यातली एकही माझ्या चुकीने नाही.

हिने काल रजा मंजूर करून घेतली. शाळेची प्रयोगशाळा ही एकटी सांभाळते, त्यामुळे रजा सहजी मिळत नाही. म्हणाली, या वेळी जायचं म्हणजे जायचंच. नाही जमलं तर ती गाडी विका, मला तिचं ते कव्हर रोज येता-जाता बघवत नाही. हे सगळं शांतपणे म्हणाली. हिचा शांत आवाज मला आवडत नाही.

संकल्प: रोज सकाळी वीस किलोमीटर सराव.

५ नोव्हेंबर
ढगाळ आहे. सराव उद्यापासून.

६ नोव्हेंबर
पार्किंगमध्ये गेलो तर कव्हरची गाठ उजवीकडे! मी डावीकडे बांधतो. बहुतेक डावीकडेच.

तळमजल्यावरच्या रिटायर्ड सर्व्हेअरने विचारलं, मग, कधी निघताय? याला काय करायचंय? घर कधी रिकामं असणार, हे दुसऱ्याला कळून काय उपयोग? मी सांगितलं, अजून नक्की नाही. तो हसला. कुठेतरी पाणी मुरतंय.

आजपासून बंदोबस्त. टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद केला तरी कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी झकास सुरू होते आणि कोपऱ्यावर जाऊन मरते. चोर बसला, निघाला, कोपऱ्यावर फजिती! रोज संध्याकाळी कॉक बंद करायचा. ही युक्ती कुणालाच सांगितलेली नाही. हिलाही नाही.

८ नोव्हेंबर, सकाळी ७.४५
सरावाचा पहिला दिवस. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, गुडघ्यांचे पॅड, सगळं घातलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली. काय तो आवाज! कोपऱ्यावर औषधांच्या दुकानासमोर बंद पडली.

ढकलत परत आणली. सव्वादोनशे किलो. सर्व्हेअर जिन्यात उभाच होता. म्हणाला, आज लवकर आलात. पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळलेलं आहे.

९ नोव्हेंबर
पुन्हा कोपरा. पुन्हा औषधांचं दुकान. दुकानदार आता मान हलवून नमस्कार करतो.

मिस्त्रींना बोलावलं. मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांतला दर्दी माणूस म्हणून नाव आहे. बोलतात कमी. आले, टाकीखाली हात घातला, उभे राहिले आणि म्हणाले, चालेल आता. मी म्हटलं, झालं काय होतं? म्हणाले, काही नाही, कॉक बंद होता.

मी चाट पडलो. संध्याकाळी कॉक मी बंद करतो हे खरं. पण सकाळी उघडणारही मीच ना? आज उघडल्याचं नेमकं आठवत नाही, पण मी विसरणाऱ्यांतला नव्हे. याचा अर्थ, मी उघडलेला कॉक कुणीतरी पुन्हा बंद केला. आणि मिस्त्रींचा हात न बघता, थेट तिथेच कसा गेला? दोन सिलिंडरची एवढी मोठी गाडी, आणि यांना पहिल्या फटक्यात कॉकच कसा सुचतो? लक्ष ठेवायला हवं.

१२ नोव्हेंबर
गाडी सर्व्हिसिंगला दिली. देण्याआधी काळजी घेतली. गोदामात मालाची पडताळणी करण्यात माझी तेवीस वर्षं गेली आहेत. डोळ्यांदेखत पेट्या बदलणारे लोक मी पाहिलेत. जुन्या गाडीचे अस्सल पार्ट काढून डुप्लिकेट बसवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून प्रत्येक पार्टवर नेलपॉलिशचा एकेक बारीक ठिपका दिला. एकूण एक्केचाळीस ठिपके.

ही म्हणाली, माझी लाल बाटली कुठाय, परवाच आणली होती. मी म्हटलं, बघ तिथेच असेल. बाटली तिथे होती. आत काही नव्हतं.

१५ नोव्हेंबर
गाडी आली. ठिपके मोजले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. इतकं बिनचूक? मला हे पटत नाही.

वर आणखी एक प्रकार. जागोजागी नटबोल्टवर पिवळ्या रंगाच्या रेघा! सोळा ठिकाणी. या मी काढलेल्या नाहीत.

संध्याकाळी मेहुणा आला होता, हिचा धाकटा भाऊ. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, दाजी, नट घट्ट केला की मिस्त्री वरून रेघ ओढतात; नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. आणि लगेच म्हणाला, एक चक्कर मारून येऊ का? या वर्षात चौथ्यांदा विचारलं त्याने. मी म्हटलं, इंजिन गरम आहे. म्हणाला, दाजी, गाडी तर दोन तास उभी आहे.

याला त्या रेघांबद्दल इतकी बारीक माहिती कुठून? दोघांचं साटंलोटं दिसतंय. पिवळ्या रेघांखालचे बोल्ट अस्सल आहेत की नाहीत, ते स्वतः उघडून बघणार.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०
सर्वांत खालचा उघडला. हात सहज पोचतो म्हणून.

तो ऑइल काढायचा बोल्ट निघाला. तीन लिटर, अगदी नवंकोरं. फरशीवर, चपलेत, ऑफिसच्या पँटवर. बोल्ट परत बसवला. वॉशर सापडत नाही. मुळात नव्हताच, अशी मला दाट शंका आहे.

सर्व्हेअर रद्दीचा गठ्ठा आणि लाकडाचा भुसा घेऊन धावत आला. गुडघे टेकून माझ्याबरोबर फरशी पुसली. मदत केली हे मान्य. पण एखाद्याच्या घरात भुसा तयार कसा असतो?

१७ नोव्हेंबर
मिस्त्रींनी नवं ऑइल भरलं, वॉशर बसवला, पिवळी रेघ पुन्हा ओढली. म्हणाले, साहेब, हात जोडतो, तुम्ही काही उघडू नका. मला फोन करत जा.

म्हणजे मी आत बघू नये, अशी त्यांची इच्छा आहे.

१९ नोव्हेंबर
आज कॉक उघडला. उघडल्यावर दोनदा हात लावून पाहिला. कोपरा ओलांडला! औषधवाल्याने हात केला. पूर्ण चार किलोमीटर गेलो, पुलापर्यंत. पुलावर शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेला. त्यानंतर चेनचा आवाज वेगळा वाटला, म्हणून पुढे जाणं शहाणपणाचं नव्हतं.

वळवताना गाडी आडवी झाली. पडली नाही. उभ्या जागी, हळूहळू, आडवी झाली. एक पाय माझा खाली होता. दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरला आणि आम्ही दोघांनी उचलली. तो म्हणाला, काका, वजन झेपत नसेल तर लहान गाडी घ्या ना. मी म्हटलं, रस्ता तिरका आहे. तो रस्त्याकडे बघत राहिला.

उजवं कोपर सोललं, आरसा फुटला. घरी येईपर्यंत हात थरथरत होते. या जुन्या इंजिनांना व्हायब्रेशन फार. हिला सांगितलं, पार्किंगमध्ये कुणीतरी आरशाला धडकलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जेवलो.

२० नोव्हेंबर
सकाळी चहाच्या कपाशेजारी मलमाची ट्यूब होती. कुणी ठेवली म्हणून विचारलं नाही. हिनेही काही विचारलं नाही. हिला कोपराचं कुणी सांगितलं? टेम्पोवाला आपल्याकडे दूध टाकत नाही, ही खात्री करून घेतली.

सराव दोन दिवस बंद. चेन.

२३ नोव्हेंबर
सराव अजून बंद. मलाच वेळ नाही.

ही सामान भरतेय. गाडीला दोन्ही बाजूंना लावायचे खास बॉक्स मी पुसून ठेवलेत, आणि ही बाईसाहेब कपडे भरतेय साध्या प्रवासी बॅगांत! मी म्हटलं, या गाडीवर कशा बांधायच्या? म्हणाली, बघू. नुसतं बघू?

मग बाल्कनीत फोनवर बोलत होती. मी गेलो तर गप्प झाली. जाता जाता एवढं कानावर पडलं की, त्यांना आत्ता नको कळू देऊस. पलीकडे मेहुणा होता, आवाजावरून ओळखलं. आता चित्र स्पष्ट आहे. मिस्त्रींनी पार्ट तपासले, मेहुण्याने चकरा मागितल्या, सर्व्हेअरने तारीख काढून घ्यायचा प्रयत्न केला. माझ्या माघारी गाडी मेहुण्याच्या घशात घालणार. सख्खी बायको सामील! वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२५ नोव्हेंबर
उपाय केला. दोन्ही स्पार्क प्लगच्या कॅपा वायरसकट काढल्या आणि ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवल्या. आता देव जरी आला तरी गाडी हलायची नाही.

२६ नोव्हेंबर
ऑफिस. निघताना कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. पक्कं आहे.

२७ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी दाढी करताना लक्षात आलं. कॅपा ऑफिसात. ऑफिसला आज सुट्टी, उद्या सुट्टी. ऑफिसची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावाला. शनिवार-रविवारी सुट्टी द्यायचं हे खूळ नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं?

हिला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी शांतपणे सांगेन. जेवण छान गेलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दुसऱ्यांदा भात घेतला. दुपारी डोळाही लागला.

२८ नोव्हेंबर, सकाळी ६.००
सांगितलं. पार्किंगमध्येच, गाडीशेजारी. जॅकेट, हेल्मेट, सगळं घालून सांगितलं. कुणीतरी, अशी सुरुवात केली होती. हिने मध्येच थांबवलं. मलाही राहवेना, मग कॅपांचं सगळं बोलून टाकलं.

मला वाटलं आता आकाशपाताळ एक करेल. ही जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, कॅपांचा एक जादा जोड मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये असतोच, त्यांची सकाळ पाचला होते. येतील आणि दहा मिनिटांत बसवून देतील. लावा फोन. आणि स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. मिस्त्रींचा नंबर समोर होता.

मी मोबाइल धरून उभा राहिलो. हेल्मेटच्या आत घाम आला.

मग ही म्हणाली, अहो, तुम्हाला ती गाडी चालवायची भीती वाटते. सहा वर्षं वाटतेय. एवढंच सांगायचं होतं ना मला. मी काय खाल्लं असतं तुम्हाला? म्हणाली, मला समुद्र बघायचा होता, तुमच्याबरोबर. गाडीचा हट्ट माझा कधीच नव्हता.

मी मोबाइल परत दिला.

हिने पर्समधून बसची तिकिटं काढली. दोन. तीन तारखेला काढलेली, रजा मंजूर झाली त्याच दिवशी. तेवढ्यात फाटकापाशी मेहुण्याची कार येऊन थांबली. तो आम्हाला स्टँडवर सोडणार, हे आधीच ठरलं होतं. सर्व्हेअर बॅगा उचलू लागला.

२८ नोव्हेंबर, दुपारी १२.२०, बसमध्ये
जॅकेट अजून अंगावर आहे. बॅगेत मावलं नाही. कंडक्टरने विचारलं, कुठे पडलात का?

निघताना हिला विचारलं, गाडीचं काय करायचं? म्हणाली, परत आल्यावर तुम्हीच ठरवा, मला घाई नाही. बसला मागे टाकून आतापर्यंत आठ मोटारसायकली पुढे गेल्या. त्यातल्या एकीच्या मागे बाई होती, हात सोडून, वारा खात बसलेली. ही त्यांच्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघितलं.

ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मोबाइल परत दिला तेव्हा मला हायसं वाटलं. सहा वर्षांत एवढं हायसं कधी वाटलं नव्हतं. आणि लाजही वाटली, तीही तेवढीच.

आता ही झोपलीय. डोकं माझ्या खांद्यावर, सोललेल्या हाताच्याच बाजूला, पण हललो नाही. खिडकीची सीट हिने मला दिली. हिला खिडकी आवडते. लग्न झाल्यापासून एकदाही सोडलेली नाही. मग आजच मला का दिली? अजून उलगडा झालेला नाही.