अनंताची फेब्रुवारीतली कापणी

१२ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या अंगणातला अनंत यंदा फुललेला नाही. फोन केला असता, पण फोनवर बोललेले पुराव्याला राहत नाही, आणि माझा डावा कान हल्ली माझ्या बाजूने नाही.

तुझी ताई नोव्हेंबरात गेली. त्यानंतरचा हा पहिलाच हंगाम. सव्वीस वर्षे, एप्रिल लागला की माझ्या सकाळच्या चहाशेजारी काचेच्या पेल्यात अनंताचे एक पांढरे फूल असायचे. यंदा एप्रिल सरला, मे अर्धा आला, पेला रिकामा आहे. झाडात दोष दिसत नाही. पाने बारा महिने असतात तशीच हिरवीगार, तकतकीत. उंची चार फूट सात इंच. माझ्याकडून कसूर नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारची कापणी मी नेहमीप्रमाणे केली, किंबहुना तिच्या आठवणीने यंदा अधिक काळजीने केली. माथ्यावर फळी टाकून तिच्यावर पाणसळ ठेवली; बुडबुडा बरोबर मध्यभागी होता. वजनमापांच्या खात्यात एकतीस वर्षे दुकानदारांचे तराजू तपासले, पण इतका सरळ माथा एकाही तराजूचा पाहिला नाही.

तरी ती झाडाला काय घालत होती, कधी आणि किती, हे माहीत असल्यास कळवावे. तुम्हा बहिणींना एकमेकींचे सगळे ठाऊक असायचे. मला फक्त निकाल कळायचा.

जाता जाता: मागच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई आमच्या सामाईक भिंतीवर रोज काहीतरी टाकतात. संध्याकाळी झाडाचे माप घ्यायला जातो तेव्हा तिथे तपकिरी, मऊ, कोमेजलेले असे काही पडलेले असते. त्यांना लेखी सूचना दिली आहे.

लोभ असावा, कमी वाटल्यास लेखी कळवावे.
तुझा,
भाऊजी


२० मे

ती. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुकानात एका शाळेच्या वाचनालयाची चारशे पुस्तकं बांधणीला आली आहेत, त्यामुळे दिवसभर बोटांना खळ असते. हा कागद पाकिटाला चिकटलेला निघाला तर हलक्या हाताने ओढा. आमच्याकडे सगळे बरे आहेत. हे तुमची आठवण काढतात, विशेषतः भाजीवाल्याने वजनात मारलं की.

अनंताचं म्हणाल तर मला आठवतं तेवढं लिहिते. चहाची वापरलेली पत्ती धुऊन मातीत मिसळायची. माती वरून सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही, पाय ओले राहिले की हे झाड रुसतं. त्याला आंबट माती आवडते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर. सकाळचं ऊन हवं, दुपारचं नको. बाकी त्याच्या मनावर.

कात्री मात्र वर्षभर कपाटात राहू द्या. थोडं अघळपघळ वाढलं म्हणून कुणी तुमच्यावर खटला भरणार नाही. आणि नर्सबाईंना आणखी सूचना पाठवू नका, बाई चांगल्या आहेत.

अजून थोडं लिहायचं होतं, पण दोनदा लिहून दोनदा खोडलं. पुढच्या वेळी बघू.

लोभ आहेच, तो पाणसळ न लावता वाढू द्यावा.
तुमची,
धाकटी


४ जून

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद खळीखाली गेला होता, वाफेवर धरून सोडवला. सर्व सूचना अमलात आणल्या. चहापत्ती धुऊन, वाळवून, तोलून घातली. व्हिनेगरचा चमचा तू कोणता म्हणतेस ते स्पष्ट नव्हते, म्हणून पाच मिलिलिटर धरले. दुपारच्या उन्हासाठी जुन्या चादरीचा आडोसा केला. दहा दिवसांनंतरचा निकाल: फुले शून्य, कळ्या शून्य.

यावरून एकच गोष्ट निघते. झाड तेच, माती तीच, पाणी तेच. बदलला आहे तो फक्त माणूस. तिने सव्वीस वर्षे जे फुलवले, ते माझ्या हाताखाली एका हंगामात थांबले. मला हे लागले आहे, तुला म्हणून लिहितो. तिच्या बाकीच्या वस्तू कपाटात आहेत आणि त्यांना माझ्याकडून काही नको असते. एवढे एकच जिवंत मागे ठेवले होते आणि तेही मला जमले नाही.

म्हणून सार्वजनिक बागेच्या मुख्य माळ्याशी बोलणे केले आहे. सोळा तारखेला, रविवारी, ते तीन माणसे घेऊन येतील आणि अनंत मुळासकट बागेत नेऊन लावतील. तिथे तरी फुलेल. खड्डा मी मातीने भरून सपाट करीन.

नर्सबाईंना दुसरी सूचना पाठवावी लागली. टाकणे चालूच आहे.

लोभ असावा, मी त्यास पात्र असो वा नसो.
भाऊजी


८ जून

ती. भाऊजी,
नमस्कार.

आधी माळीबुवांना नको म्हणून कळवा. मग खुर्चीत बसा आणि पुढचं वाचा.

तुमच्या अनंताला फूल कधीच आलेलं नाही. लावल्यापासून एकही नाही. झाडावर फूल असलेलं तुम्ही पाहिलंय का, आठवून बघा. चहाशेजारी असायचं ते नर्सबाईंच्या झाडाचं. त्या उजाडताच भिंतीवर ठेवायच्या आणि तुमची दाढी होईपर्यंत ताई ते पेल्यात घालायची.

अनंत आपल्या कळ्या हिवाळ्यातच फांद्यांच्या टोकांना धरून ठेवतो. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक असतात. फेब्रुवारीत माथा सरळ कापला की एप्रिलची सगळी फुलं केराच्या टोपलीत जातात. छाटायचंच असेल तर फुलं सरल्यावर, लगेच. हे ताईला माहीत होतं. मलाही होतं, म्हणून मेमध्ये लिहून खोडलं. वाटलं, यंदा कात्री कपाटात राहिली तर पुढच्या वर्षी आपोआप फुलेल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. पण तुम्ही झाडच उपटायला निघालात, आणि तेही स्वतःला नालायक ठरवून.

भिंतीवर रोज काय पडलेलं असतं, ते आता मी वेगळं सांगत नाही.

रागवा, पण माझ्यावर रागवा.
धाकटी


१२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

माळ्यास नकार कळवला.

संध्याकाळी भिंतीपाशी गेलो. आजचे उचलून पाहिले. उन्हाने तपकिरी झाले होते, पण पाकळ्या मोजता आल्या.

मी एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या मापातली चूक काढली. माझी चूक माझ्याच घरात, माझ्याच अंगणात, दर फेब्रुवारीत झाली आणि तुझी ताई रोज माझ्यासमोर बसून चहा पीत राहिली. मला तिचा राग आला आहे. आता तो सांगायचा कुणाला.

एवढेच कळव. तिने मला सांगितले का नाही? मी ऐकले असते.

भाऊजी


१८ जून

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तिने सांगितलं होतं. तीनदा.

पहिल्या वर्षी तोंडी सांगितलं. तेव्हा तुम्ही तिला बसवून सपाट पातळी म्हणजे काय हे समजावलंत. ताई म्हणत होती की पाऊण तास चाललं होतं आणि मध्ये आकृतीही काढली होतीत. दुसऱ्या वर्षी तिने फांदीला चिठ्ठी बांधली, की कृपया हे झाड कापू नये. तुम्ही चिठ्ठीतलं ऱ्हस्वदीर्घ सुधारलंत, ती परत बांधलीत आणि तिच्या चारही बाजूंनी कापलंत. तिसऱ्या वर्षी तिने कात्री तांदळाच्या डब्यात लपवली. तुम्ही नवी आणलीत, जास्त धारेची, आणि जुनी हरवल्याबद्दल तिचे आभार मानलेत.

त्याच एप्रिलात तिने नर्सबाईंकडचं पहिलं फूल पेल्यात ठेवलं. तिला ते स्वतःसाठी हवं होतं, दुसरं काही मनात नव्हतं. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, बघ, वेळेवर कापलं की कसं फुलतं. ताई मला म्हणाली, त्यांचा चेहरा असा झाला होता की माझ्याच्याने पुढे बोलवेना. त्यानंतर तिने विषय काढला नाही. ती तुम्हाला हसायची, हे खरं आहे. आम्ही दोघी पोट धरून हसायचो. पण तिच्याआधी तुम्हाला दुसरं कुणी हसलेलं तिला कधी चाललं नाही, एकदा मी आपणहून सुरुवात केली तर मलाही झापलं होतं.

मला तिची फार आठवण येते. तुमच्याशी तिच्याबद्दल बोलायला झाडाचं निमित्त लागलं, एवढं वाईट वाटतं.

लोभ राहू द्या. मला तोच एक आता त्या घरातून मिळायचा आहे.
धाकटी


१ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नर्सबाईंच्या घरी जाऊन आलो. दोन्ही सूचना लेखी मागे घेतल्या. त्यांनी मला आत बसवले आणि सवयीने नाडी पाहिली. त्यांना वाटले होते की सूचना त्यांच्या अंगणातल्या पाल्याबद्दल आहेत, म्हणून त्यांनी दोन्ही वेळा अंगण झाडून घेतले आणि फूल ठेवणे चालू ठेवले. तुझी ताई गेल्यावरही कशासाठी ठेवत होता, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, घरात तुम्ही होतात की.

त्यांचे झाड आठ फूट आहे, त्याला कसलाही आकार नाही. ते आपल्याच अनंताच्या फांदीचे आहे. तुझ्या ताईने चिठ्ठीच्या वर्षी एक फांदी कापून भिंतीवरून त्यांना दिली होती आणि सांगितले होते, हे तुमच्या बाजूला लावा, इकडे याचे काही खरे नाही.

तू लिहिलेस ते तीन प्रसंग मी आठवून पाहिले. पाऊण तास आठवत नाही. कात्री आठवत नाही. चिठ्ठी आठवते. त्यावरचे अक्षर तिचे होते आणि मी फक्त ऱ्हस्वदीर्घ वाचले.

राग गेला. त्याच्या जागी जे आहे ते जड आहे आणि माझ्याकडे त्याचे माप नाही.

लोभ असावा. मला त्याची गरज आहे, हे लेखी कळवत आहे.
भाऊजी


९ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीचा पहिला रविवार मी नर्सबाईंच्या ओट्यावर बसून काढला. त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. मार्चही तसाच गेला. झाड डावीकडे बरंच झुकलंय आणि मधूनच एक फांदी कुणाचं न ऐकता वर गेलीय. बघवत नव्हतं, पण आता सवय झाली.

आज सकाळी पहिलं फूल उघडलं. तोडलं नाही. दाढी अर्धी टाकून अंगणात गेलो आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. चहा गार झाला. झाडावर असताना त्याचा वास असा येतो हे मला ठाऊक नव्हतं. तिला नक्की ठाऊक असणार. तिनं मला शेजारी उभं करून हा वास घ्यायला लावला असता, तर मी झाडाची उंची सांगितली असती. हे आज कळतं आणि ते तिला सांगता येत नाही.

आणखी अकरा कळ्या आहेत. पुस्तकं बाजूला ठेव आणि तुझ्या यजमानांना घेऊन ये. राहा. येशील तेव्हा माझं काय चुकतंय ते बघ आणि मला सांग. मी कारणं देईन, आकृती काढीन. तू ऐकू नकोस. तिनं तीनदा सांगितलं आणि मग मला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसली. तू चौथ्यांदा सांग.

तुझा,
भाऊजी