कॅलेंडरवरचे खोटे गोल

रविवार, १२ डिसेंबर २००४

आज सकाळी पाळी आली. चार महिन्यांनी! आणि नेमका आजच घरी सत्यनारायण.

पूजेचा दिवस आईने माझ्याच तारखा बघून ठरवला होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दर महिन्याला माझा लाल गोल करते. गेले चारही गोल खोटे आहेत. सोनोग्राफीत पीसीओएस निघालं तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात तिने विवाह मंडळात माझं नाव घातलं. मग मीच दर महिन्याला "मला अडचण आहे" म्हणत देवघरापासून लांब राहायला लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रोज चाल, वजन उतरव, रात्रपाळी टाळ. आणि तारखा खऱ्या लिहून ठेव." रात्रपाळी टाळ म्हणे! क्लायंट अमेरिकेत बसलाय.

आज सांगितलं असतं तर? मागचा गोल पंधरा दिवसांपूर्वीचा. आईने लगेच विचारलं असतं. म्हणून गप्प राहिले आणि प्रसादाचा शिरा मीच ढवळला, ओटीपोटात कळा येत असताना. देवाची भीती नाही वाटली. आईची वाटली.

गुरुजी गेल्यावर ती म्हणाली, "किती दिवसांनी हसतेयस गं!"

हसत होतेच मी. इतकी चालले, भात सोडला, त्याचं काहीतरी झालं शेवटी. पण सांगू कोणाला?

आत्ता लाल पेन घेऊन कॅलेंडरसमोर उभी राहिले. खरा गोल निदान एक तरी करावा म्हणून. आजच्या चौकोनात आईने आधीच लिहून ठेवलंय, 'पूजा'.